दगडाबाईचं रगत

डॉक्टर ‘खुबा’ म्हणाले तेव्हा दगडाबाईच्या डोळ्यांपुढे आधी खाडीतले खुबे, खायच्या शिंपल्या, आले. ओहोटीला चिखलात हात घालून काढायचे, कंबर ढिली होईस्तोवर वाकून. मग डॉक्टरांनी भिंतीवरच्या पांढऱ्या दिव्यावर फोटो लावला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. “हा तुमचा डावा खुबा. मांडीच्या हाडाचा गोळा इथं कमरेच्या खोबणीत बसतो. तो गुळगुळीत हवा. हा बघा काय झालाय.”

तिनं पाहिलं. उंदरानं कुरतडलेल्या बटाट्यासारखं काहीतरी दिसत होतं.

“किती वर्षं चालताय यावर?”

“अकरा,” शेजारी उभ्या असलेल्या तिच्या सुनेनं, शेवंतीनं, सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात, बाळकुमच्या धक्क्यावरच्या शेवाळलेल्या पायरीवरून ती पाटीसकट घसरली होती. पाटीतलं म्हावरं सांडलं ते बायांनी गोळा करून दिलं, तिला मात्र उठता आलं नाही. नवरा धाकू तिला हाडवैद्याकडे घेऊन गेला. त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप लावला आणि तीन महिने पडून राहायला सांगितलं. ती सात आठवडे राहिली. आठव्या आठवड्यात पाटी डोक्यावर होती. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं, आणि आतला गोळा हळूहळू मरत गेला.

तेव्हा खाडीही मरायला लागली होती. कारखान्यांचं पाणी उतरायचं आणि जाळ्यात आलेल्या बोयटांना रॉकेलचा वास यायचा. गिऱ्हाईक मासा नाकाला लावून परत ठेवायचं. धाकूनं होडी विकली, दोन वर्षं ओसरीवर बसून काढली आणि एकोणनव्वद साली काविळीनं गेला. मुलगा चांगदेव वागळे इस्टेटमधे लेथवर लागलेला. दगडाबाई बाजारात बसतच राहिली. पूर्वी ती पहाटेच्या टेम्पोनं ससून डॉकला जाऊन माल आणायची. ते बंद झालं. शेजारणी आणतील त्यातलं थोडं ती ठाण्याच्या मार्केटात विकायची. घरून निघून बसमधे चढेपर्यंतच तिचा दिवस अर्धा संपलेला असायचा. दुखण्याबद्दल ती बोलत नसे. कोणी विचारलं तर “कंटाळा आलाय” म्हणायची, आणि ते खरंच होतं. दुखणं सवयीचं झालं होतं, त्या दुखण्याचं ओझं सांभाळत दिवसभर राहण्याचा कंटाळा सवयीचा होत नव्हता.

“सांधा बदलायला लागेल,” डॉक्टर आठल्ये म्हणाले. ठाण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ते आठवड्यातून दोनदा येत. “मोठं ऑपरेशन आहे. रक्त जाईल. दोन बाटल्या तरी तयार ठेवाव्या लागतील. तुमचा ग्रुप कुठला, माहीत आहे?”

दगडाबाईनं शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीनं पिशवीतून रेशनकार्डाच्या घडीतला एक पिवळा पडलेला कागद काढला. घडीवर तो फाटायला आला होता. डॉक्टरांनी तो वाचला, परत वाचला, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“कोनी विचारलं नाय.”

तो कागद बहात्तर सालचा होता. चांगदेव तीन वर्षांचा असताना दुसरं बाळंतपण अडलं. पोर आतच गेलं आणि रक्त थांबेना. तिला एका दवाखान्यात नेलं, तिथं तपासून ‘ओ’ ग्रुप सांगितला, आणि दिरानं धावपळ करून बाटली आणली. ती लावल्यावर पाचेक मिनिटांत तिला हुडहुडी भरली, छाती आवळली, कमरेत सुरी फिरवल्यासारखं झालं. एका नर्सला शंका आली म्हणून तिनं नळी बंद केली. दुसरी बाटली आणली, तीही जुळेना. तिसरीही. मग सगळ्यांनी हात टेकले. ती जगली ती आपल्या आपण, काय उरलं होतं त्या रक्तावर. वर्षभर तिचे ओठ कागदासारखे पांढरे होते. तिच्या रक्ताचा नमुना मुंबईला पाठवला होता, तिकडून हा कागद आला. एका शिकलेल्या माणसानं वाचून सांगितलं, “हिचं रक्त हजारोंत एखाद्याचं असतं. हिला कुणाचंच चालणार नाही.” सासू म्हणाली होती, “मंग काय करायचं कागदाला?” आणि तो पत्र्याच्या डब्यात ठेवून दिला होता.

“बॉम्बे ग्रुप म्हणतात याला,” डॉक्टर म्हणाले. “साध्या तपासणीत ‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’ चालत नाही. तुमच्या आईवडिलांचं नात्यातलं लग्न होतं का?”

“बापानं मामाचीच पोर केलेली.”

“हं.” त्यांनी कागदाची घडी जपून घातली. “मग एकच उपाय. तुमचं रक्त तुम्हीच द्यायचं. आधी काढून ठेवायचं, आठवड्यानं अजून एकदा, आणि ऑपरेशनच्या वेळी तेच तुम्हाला चढवायचं. आजकाल बाकीचे पेशंटही असं करायला लागलेत, एड्स या नव्या रोगाच्या भीतीनं. तुम्हाला मात्र दुसरी वाटच नाही.”

दगडाबाईला ते सगळं समजलं, आणि समजल्यावर तिला थकल्यासारखं झालं. म्हणजे हेही आपणच करायचं.

*

करायचं म्हटलं तरी लगेच होणार नव्हतं. रक्तपेढीत बोटाला टोचून तपासलं तर हिमोग्लोबिन निघालं पावणेआठ. अकराच्या खाली ते रक्त घेत नसत.

रक्तपेढी हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला होती. तिथला टेक्निशियन पन्नाशीचा, अंगानं किडकिडीत आणि हळू बोलणारा. त्याचं खरं नाव भिंतीवरच्या पाटीवर होतं, पण सफाईवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला भाऊच म्हणत.

“मावशी, आत रक्तच नाही तर मी काढू काय,” भाऊ म्हणाला. “गोळ्या घ्या. पालेभाजी, कलेजी, खजूर. तीन महिन्यांनी या.”

गोळ्यांनी पोट गच्च व्हायचं आणि तोंडाला गंजक्या खिळ्याची चव यायची. त्याहून अवघड झालं ते जेवण. इतकी वर्षं घरात मासा शिजला की मधल्या तुकड्या पुरुषांच्या आणि पोरांच्या पानात जात. बायांना डोकं आणि शेपूट. त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. डोक्यात चव असते असं ती सांगायची आणि तिला ते पटलेलंही होतं. आता शेवंती तिच्या ताटात मधली तुकडी वाढायला लागली. पहिल्या दिवशी दगडाबाईनं ती उचलून चांगदेवच्या ताटात टाकली. शेवंतीनं ती तिथून उचलली आणि परत सासूच्या ताटात ठेवली.

“डॉक्टरांनी तुमच्या नावानं सांगितलंय,” ती म्हणाली. “ह्यांच्या नाय.”

चांगदेव खाली मान घालून हसला. दगडाबाईनं तुकडी खाल्ली. काटे काढता काढता तिला चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. ते वाटणं पुढे कमी झालं, पण पुरतं कधी गेलं नाही.

शेवंतीशी तिचं फार जमत होतं अशातला भाग नव्हता. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सून सातवी शिकलेली, कमी बोलणारी, मार्केटात बसायला नको म्हणणारी. घरी शिवणकाम करायची. दगडाबाईला ती थोडी ताठ वाटायची. पण हॉस्पिटलच्या प्रत्येक खेपेला तीच बरोबर यायची. बसची पायरी उंच पडली की ती मागून सासूच्या कमरेला खांदा लावायची, आणि वर चढल्यावर दोघी काही झालंच नाही अशा बसायच्या.

एप्रिलमधे हिमोग्लोबिन अकरावर दोन भरलं. भाऊनं काचेची नळी उजेडात धरून तिला दाखवली, जणू तिनं परीक्षा पास केली होती.

कॉटवर आडवी झाली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. भाऊनं हातात स्पंजचा चेंडू दिला. “दाबायचा, सोडायचा.” सुई शिरली. दंडाखालून काहीतरी कोमट सरकत गेलं.

फॉर्म भरताना भाऊनं सवयीनं विचारलं, “पेशंटचं नाव?”

“दगडाबाई धाकू तांडेल.”

“देणाऱ्याचं?”

“तीच की.”

पलीकडच्या कॉटवरचा तरुण हसला. भाऊही हसला. मग त्यानं पिशवीवर चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यापुढे धरली. ‘बाटली बाटली’ म्हणत होते सगळे, पण ती प्लास्टिकची पिशवी होती, हातात घेतली तर ऊबदार. “इथं तुमचं नाव आहे. आणि इथं लिहिलंय, ‘स्वतःसाठी राखीव’. कुणी हात लावणार नाही.”

तिला वाचता येत नव्हतं. तरी तिनं बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहिलं. घर धाकूच्या नावावर होतं, मार्केटातली जागा सासूच्या. तिच्या नावानं राखून ठेवलेली ही पहिलीच वस्तू.

आठ दिवसांनी दुसरी पिशवी झाली. त्या वेळी तिला घेरी आली. शेवंतीनं तिचं डोकं मांडीवर घेऊन बिस्किटं चारली. डॉक्टर आठल्यांनी दोन मे तारीख दिली. त्यांनी बजावून सांगितलं, “रक्त पस्तीस दिवस टिकतं. त्याच्या आत उरकायचं.”

*

ऑपरेशनला चार दिवस उरले असताना, भर दुपारी, दारात एक स्कूटर थांबली. चांगदेवची रात्रपाळी होती म्हणून तो झोपला होता. शेवंती मशीनवर होती. दगडाबाई ओसरीवर पाय लांब करून कोळंबी सोलत होती. भाऊला तिथं उन्हात पाहून तिला आधी कळेचना, हा इकडे कसा.

भाऊ पाणी प्यायला. बसला नाही.

“मावशी, नियमानं मी हे तुम्हाला विचारायला नको,” तो म्हणाला. “रक्तपेढीच्या साहेबांना विचारून आलोय, पण तरी नको. कल्याणला एक बाई आहे. काल बाळंत झाली. रक्त थांबत नाहीये. तिचा ग्रुप तुमचाच निघाला.”

शेवंतीचं मशीन थांबलं.

“मुंबईला यादी असते अशा लोकांची. दोघं सापडले. एकानं गेल्याच महिन्यात दिलंय, दुसरा गावाला गेलाय, त्याला तार केलीय. आत्ता या घडीला, मला माहीत असलेलं तयार रक्त म्हणजे तुमच्या दोन पिशव्या.”

दगडाबाईच्या हातातली कोळंबी अर्धी सोललेली तशीच होती.

आतून चांगदेव उठून आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. “असं कसं देणार हो भाऊ? चार दिवसांवर ऑपरेशन आलंय. चार महिने ती गोळ्या खातेय. आम्ही तारीख घ्यायला कितीदा गेलेलो, माहितीये ना तुम्हाला?”

“माहीत आहे.”

“मग? आमच्या आईला लागलं तर कोण देणार?”

“कुणी नाही,” भाऊ म्हणाला. “म्हणूनच विचारायला आलो, घ्यायला नाही.”

दगडाबाईला पहिल्यांदा आला तो राग. तिला स्वतःलाच त्याचं आश्चर्य वाटलं. तेवीस वर्षांपूर्वी ती अशीच पडली होती, कुणाच्या दारात कोणी स्कूटर घेऊन गेलं नव्हतं. कुणाच्या पिशव्या तिच्यासाठी राखलेल्या नव्हत्या. आता कुठं एक गोष्ट तिच्या नावानं झाली होती आणि तीही मागायला माणूस दारात उभा. तिला म्हणावंसं वाटलं की मी दमले, मला विचारू नका.

“पोर जगलंय?” तिनं विचारलं.

“जगलंय. मुलगी आहे.”

“बाईचं कितवं?”

“पहिलंच.”

तिनं हातातली कोळंबी सोलून थाळीत टाकली. भाऊनं घड्याळाकडे पाहिलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

“एक ने,” शेवटी ती म्हणाली. “दुसरी माजी. दुसरी मी देनार नाय.”

“तिथले डॉक्टर दोन म्हणतायत, पण एकीवर बघतील कसं निभावतंय ते.” भाऊनं खिशातून कागद काढला. तिनं अंगठा दिला. कोळंबीचा ओला अंगठा, शाई पसरली, दुसऱ्यांदा द्यावा लागला.

स्कूटर गेल्यावर चांगदेव म्हणाला, “आये, तू डॉक्टरला विचारायचं तरी.” मग त्यानं शर्ट चढवला आणि कामावर जायची वेळ झालेली नसताना बाहेर निघून गेला. शेवंतीनं सासूपुढची थाळी ओढून घेतली आणि राहिलेली कोळंबी सोलली.

संध्याकाळी दगडाबाईनं अर्धं ताट झाकून ठेवलं. एक दिली याचं काही नव्हतं. ‘दुसरी माजी’ हे तोंडातून कसं निघालं, ते तिला टोचत होतं. एका बाटलीनं झालं नाही तर. तिथं ती बाई थरथरत पडली असेल आणि इथं फ्रीजमधे आपली पिशवी गार पडून असेल. मग दुसरा विचार यायचा: मी काय देवी आहे का? माझा पाय कोण उचलणार? असे दोन्ही विचार एकमेकांना ढकलत राहिले. दिवस उजाडल्यावर तिनं शेवंतीला सांगितलं, “जा. भाऊला सांग, दुसरीपन ने म्हनावं.”

शेवंतीनं चपला पायात सरकवल्या. “नक्की?”

“जा तू. मंग माजं मन फिरंल.”

शेवंती अकराच्या सुमारास परत आली. गावाला गेलेला तो माणूस तार मिळताच निघाला होता आणि पहाटे कल्याणला पोचून त्यानं रक्त दिलं होतं. बाईचं रक्त थांबलं होतं. “भाऊ म्हणाले, तुमची एक बाटली वेळेवर गेली म्हणून ती तोवर टिकली. दुसरी तुमची तुम्हाला राहू दे.”

“बरं झालं,” दगडाबाई म्हणाली आणि भिंतीला टेकली. तिला रडू आलं नाही की हसू आलं नाही. तिला झोप आली. दिवसाउजेडी, माश्या घोंगावत असताना, ती ओसरीवरच दोन तास झोपली.

*

डॉक्टर आठल्ये रागावले नाहीत. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, “बाई, तुम्ही केलंत ते बरोबरच आहे. पण एका पिशवीवर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुमचं रक्त दुकानात मिळत नाही.” पुढची मोकळी तारीख जुलैअखेरची होती. तोवर उरलेल्या पिशवीची मुदत संपणार होती.

ती फेकून द्यायची नाही म्हणून मेच्या चौथ्या आठवड्यात तिला पुन्हा त्याच कॉटवर झोपवलं आणि तिचं रक्त तिलाच परत चढवलं. या वेळी पिशवी वर टांगलेली होती आणि नळीतून थेंब थेंब खाली येत होते. आत येताना ते गार लागत होतं. ती जीव मुठीत धरून हुडहुडीची वाट पाहत होती, पण काही झालं नाही. शरीरानं ओळखलं असावं.

“म्हंजे फिरून पयल्या पायरीवर,” ती म्हणाली.

“दुसऱ्या म्हणा,” भाऊ म्हणाला.

पण ती पहिल्याच पायरीवर आली. जुलैच्या सुरुवातीलाच तिला थंडीताप भरला. मलेरिया निघाला. हिमोग्लोबिन नवावर उतरलं, आणि मलेरियानंतर तीन महिने रक्त घेता येत नाही असा नियम होता, म्हणजे तीही तारीख गेली. तो पावसाळा तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब पावसाळा ठरला. वाडीतला संडास लांब, वाट निसरडी. शेवंती तिला धरून नेई आणि बाहेर छत्री घेऊन उभी राही. मार्केटला जाणं बंदच झालं. चांगदेव घरात असला की रेडिओ मोठा लावायचा, म्हणजे बोलायला नको. त्या दिवसांत दगडाबाईला पश्चात्ताप झाला नाही असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. कुशीवर वळताना खुबा चावला की ती मनातल्या मनात त्या कल्याणच्या बाईला बोल लावायची. तिचं नाव माहीत नसल्यानं बोल नुसतेच भिंतीवर जात.

एकदा तिनं भाऊला विचारलं होतं, ती माणसं कोण, कुठली. तो म्हणाला, तेही पत्ता मागत होते, पण रक्तपेढी असं सांगत नाही.

“बरं हाय,” ती म्हणाली. “आली असती तर नारळ घेऊन आली असती. चहा ठेवायला उठावं लागलं असतं.”

ऑक्टोबरनंतर पुन्हा गोळ्या, पुन्हा कलेजी, पुन्हा बोटाला टोच. थंडीत ती अकरावर पोचली. जानेवारीत दोन पिशव्या दिल्या. या वेळी चांगदेव सुट्टी टाकून बरोबर आला होता. भाऊनं चिठ्ठी चिकटवली तेव्हा त्यानं ती वाचून आईला सांगितली, अक्षर न् अक्षर, आणि वर म्हणाला, “आता कुणी आलं तर मी दारातच बसतो.” हे तो हसून म्हणाला. इतक्या महिन्यांनंतरचं त्याचं पहिलं धड वाक्य होतं ते.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. पाठीत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, पण कान जागे होते. पडद्यापलीकडे करवत चालली, मग हातोडी. होडीच्या फळ्या ठोकताना येतो तसाच आवाज. तिला कशाची भीती वाटली नाही. आयुष्यभर झिजलेल्या होडीची कोणीतरी डागडुजी करतंय आणि आपल्याला फक्त पडून राहायचंय, एवढंच तिला वाटलं, आणि नुसतं पडून राहण्याचं तिला सुख वाटलं. एक पिशवी टेबलावरच लागली, दुसरी दुसऱ्या दिवशी.

दहाव्या दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली. पाऊल टाकलं. नेहमीची कळ येईल म्हणून तिनं दात आवळले, आणि कळ आली नाही. दुसरं पाऊल टाकलं. आपणच चालतोय की दुसरंच कोणी, असं तिला झालं.

मग डॉक्टर आठल्ये समोर बसले आणि त्यांनी काय काय करायचं नाही ते सांगितलं. मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. खाली वाकून काही उचलायचं नाही. जमिनीवर बसायचंच नाही.

“मंग म्हावरं कशी विकू?” तिनं विचारलं.

डॉक्टरांनी इतकी ऑपरेशनं केली होती, पण मार्केटात मासळीवाल्या कशा बसतात हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्यांनी प्रामाणिकपणे तसं कबूलही केलं.

चांगदेवनं वर्कशॉपमधे शेडच्या मागे उरलेल्या पाइपांची एक उंच बैठक वेल्ड करून आणली, मधे भोक असलेली, सकाळच्या विधीसाठी. ती त्यानं पोत्यात गुंडाळून, शेजारच्यांच्या नजरा चुकवत घरात नेली आणि आईला दाखवली. “हलत नाय. मी बसून बघितलंय.” दगडाबाईनं त्याच्या दंडाला हात लावला. दोघंही दुसरीकडे बघत होते.

मार्केटात ती पावसाळ्यानंतर खुर्ची घेऊन गेली. शेजारच्या गंगुबाईनं विचारलं, “काय गो, पुढारी झालीस का?” सगळ्या हसल्या, तीही हसली. पण खुर्चीतून खालचा मासा दिसे, हाती लागत नसे, आणि कोयता चालवायला जोर मिळेना. गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबे आणि पुढे सरके. महिनाभर तिनं ओढून नेलं. मग एक दिवस शेवंती मशीन झाकून तिच्याबरोबर आली, खाली पाटावर बसली आणि कोयता हातात घेतला. ज्या कामाला ती लग्नापासून नको म्हणत होती ते तिनं कोणी न सांगता उचललं. पहिल्या सुरमईचे तिनं वाकडेतिकडे तुकडे केले.

“डोक्याकडून धर,” खुर्चीतून दगडाबाई म्हणाली.

“कळतंय मला.”

“कळतंय तर धर मंग.”

असं ते पुढे चाललं. एक कापायची, एक गिऱ्हाईक बोलवायची. घरी मात्र दोघी पूर्वीइतक्याच कमी बोलत.

भाऊनं दगडाबाईचं नाव मुंबईच्या यादीत घातलं होतं. तिनंच घालायला सांगितलं होतं, कधी ते तिला आठवत नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली कोपऱ्यावरच्या वाण्याच्या फोनवर तिला निरोप आला: डोंबिवलीला मानपाड्याजवळच्या एका कारखान्यातला माणूस भाजलाय, त्याला लागणार आहे, येता का. ती उठली, लुगडं बदललं आणि एकटी बसनं रक्तपेढीत गेली. काठीनं पायरी चाचपून चढली. भाऊनं बोटाला टोचलं, नळी उजेडात धरली, आणि मान हलवली.

“साडेनऊ आहे मावशी. आणि वयही झालं. तुमचं नाही घेता येणार. दुसऱ्या एकाला बोलावतोय.”

“दुसरा हाय ना?”

“आहे. पनवेलचा आहे.”

त्यानं तिला चहा दिला, रक्त न देताच. ती तो बशीत ओतून सावकाश प्यायली. मनात वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. कोणीतरी दुसरा होता. तो गाडीत बसला असेल, त्याचा हात धट्टाकट्टा असेल. बाहेर ऊन कललं होतं. स्टॉपवरच्या बाकावर ती पाय लांब सोडून बसली, एक बस तिनं तशीच जाऊ दिली, गर्दी होती म्हणून नव्हे, उठावंसं वाटत नव्हतं म्हणून. पुढच्या बसनं ती मार्केटात गेली, कारण शेवंती एकटी होती आणि संध्याकाळचं गिऱ्हाईक सुरू झालं असणार.